बाइन्ताचे ऐंशी बाण

बाइन्ताच्या पेटीत काटा सापडला, असं नोरावीकच्या मासळीच्या कारखान्यात सव्वीस वर्षांत एकदाही घडलं नाही. एकदा इंग्लंडहून एक गिऱ्हाईक आलं होतं, लालबुंद चेहऱ्याचं, भरघोस मिशांचं. त्यानं पैजेवर तिची पेटी उपसायला घेतली. सकाळी बसला तो दुपारच्या भोंग्यापर्यंत हलला नाही. बोटं गारठून निळी पडली तेव्हा मुकादमानं त्याच्यापुढे कॉफी ठेवली नि म्हणाला, "साहेब, आता मिशीत बघा. तिथे असला तर असेल."

ही बाइन्ता डावखुरी. कारखान्यात डावखुऱ्या बायका तीनच. बाकीच्या साठ-सत्तर जणी मासा पुढ्यात घ्यायच्या तो डोकं डावीकडे करून, आणि सुरी उजव्या हातानं चालवायच्या. या तिघी मधे उभ्या राहिल्या की कोपराला कोपर लागायचं, शिव्या व्हायच्या, एकदा तर एकीच्या हातमोज्याचं बोटच गेलं. नशीब, बोट आत नव्हतं. मग मुकादमानं तिघींना टेबलाच्या पलीकडच्या अंगाला उभं केलं. पट्टा तोच, मासे तेच, पण पलीकडून बघताना डोकं उजवीकडे. झालं, सगळं सुरळीत. त्या बाजूला 'उलट्यांची आळी' असं नाव पडलं, आणि बाइन्तानं तिथे सव्वीस वर्षं काढली.

मग ती वाईट वर्षं आली. मासा आटला, बँका बुडाल्या, एका गुरुवारी कारखान्याला कुलूप लागलं ते निघालंच नाही. आमच्या बेटांवरून माणसं डेन्मार्कला निघाली ती रांग लावून. चर्चच्या बाकांवर ऐसपैस बसता यायला लागलं. बाइन्ताची लेक सोलरुन नवऱ्याबरोबर एस्ब्यर्गला गेली आणि दर पत्रात लिहायला लागली, तुम्हीही या, खोली आहे, तिसऱ्या मजल्यावर. बाइन्ताचा नवरा यालग्रिम ते पत्र वाचायचा, घडी घालायचा आणि मेंढ्यांकडे निघून जायचा. बेचाळीस मेंढ्या, डोंगराचा एक उतार, मटण वाऱ्यावर सुकवायची फळ्याफळ्यांची खोपी, हा त्याचा सगळा संसार. तो म्हणायचा, "तिसऱ्या मजल्यावर मी काय सुकवू? पाय?"

पण राहायचं तर दोघांतल्या एकाला तरी काम हवं होतं. यालग्रिमची पाठ बोटीवर मोडलेली. म्हणजे हवं ते बाइन्तालाच. सत्तावन्न वर्षांच्या, मासळीपलीकडे काही न शिकलेल्या बाईला. तिनं अकरा ठिकाणी विचारलं. अकराही ठिकाणी तिला कॉफी मिळाली, काम नाही.

बारावं ठिकाण तोर्शाव्हनला, आमच्या बेटांच्या राजधानीत, बंदराच्या मागचं एक पिवळं लाकडी घर. तिथे समुद्राच्या तळाचा चिखल तपासायचे. आयफिन नावाचा म्हातारा मुख्य होता, आणि खरं काम करायची ती रान्वा, एकतीस वर्षांची, कोपनहेगनची चांगली जागा सोडून घरी परत आलेली. रान्वानं तिला काही विचारलं नाही. टेबलावर एक लांबट, उभी चिरलेली नळी ठेवली, आत राखाडी चिखल, साबणाच्या वडीसारखा घट्ट, आणि हातात एक चिनी मातीची सुरी दिली. "याचा वरचा पापुद्रा काढून दाखव. फाटता कामा नये."

बाइन्तानं तो काढला. रान्वा बघत राहिली, मग म्हणाली, "उद्या सकाळी आठला येशील?"

काम असं होतं. जहाज बेटांच्या पश्चिमेला जायचं, हजार मीटर खाली नळी सोडायचं आणि चिखल भरून वर काढायचं. जहाजावरच नळीचे मीटर-मीटरचे तुकडे करायचे. वरच्या, म्हणजे समुद्रतळाच्या बाजूच्या टोकाला निळं टोपण, खोल गेलेल्या टोकाला पांढरं. मग घरी आणून तुकडा उभा चिरायचा. एक अर्धा कामाचा, एक अर्धा जपून ठेवायचा. कामाच्या अर्ध्यात बाइन्तानं बोटाच्या पेराएवढ्या प्लास्टिकच्या चौकोनी डब्या दाबायच्या, एका मीटरला चाळीस. प्रत्येक डबीच्या पाठीवर बाण. बाण नेहमी निळ्या टोपणाकडे. शिकवताना रान्वानं सोपं करून सांगितलं होतं, "निळं टोपण डावीकडे, बाण डावीकडे. एवढं लक्षात ठेव, बाकी विसर."

लोखंडाची वस्तू त्या खोलीत न्यायची नाही. सुरी चिनी मातीची ती म्हणूनच. बाइन्तानं पहिल्या दिवशी केसांतल्या पिना काढून आयफिनच्या टेबलावर ठेवल्या, तर तो म्हणाला, "अगं, मला काय लग्न करायचंय तुझ्याशी?" आणि स्वतःच लाजला.

हे सगळं कशासाठी, ते तिला रान्वानं एका दुपारी काळ्या पावावर रुबार्बचा मुरंबा लावता लावता सांगितलं. आमचे डोंगर काळे, लोखंडी अंगाचे. त्यांची झीज समुद्रात जाते आणि तळाशी वाहणारं थंडगार पाणी तिचे कण ओढून नेतं. लोहचुंबकाला ओळखणारे कण. ते खाली बसताना कसेही बसत नाहीत, पाण्याच्या ओघानं एकाच बाजूला कलतात, एकावर एक.

"खवल्यांसारखे," बाइन्ता म्हणाली.

रान्वानं पाव खाली ठेवला. "मी सहा वर्षं शिकले हे सांगायला."

"हात फिरवला की कळतं. डोक्याकडून शेपटीकडे गुळगुळीत, उलटं फिरवलं की खरखर."

"तेच. आमचं यंत्र तो हात फिरवतं. कण किती, त्यावरून ओघाचा जोर कळतो, आणि कुठे कलले, त्यावरून पाणी कुठून कुठे चाललं होतं ते. दहा हजार वर्षांपूर्वीचंसुद्धा."

त्या दिवसापासून बाइन्ताला ते काम कळलं आणि आवडलं. गावात कोणी चेष्टेनं विचारलं, "काय बाइन्ता, आज किती चिखल चिवडलास?" तर म्हणायची, "तू जन्मायच्या आधीचा. तेव्हा जास्त स्वच्छ होता."

दोन वर्षं गेली. जूनच्या एका गुरुवारी रान्वा जिन्याखालच्या यंत्राच्या खोलीतून धावत वर आली आणि तिनं एक मोठा कागद टेबलावर पसरला. कागदावर वरपासून खालपर्यंत बारीक बाण, आणि डाव्या कडेला वर्षं लिहिलेली. वरचे बाण पश्चिमेकडे, खालचे बाण पश्चिमेकडे, मधला एक पट्टा मात्र सगळा पूर्वेकडे.

"दोन हजार वर्षं," रान्वा म्हणाली. "दोन हजार वर्षं तळाचं पाणी उलटं वाहत होतं, बाइन्ता. कोणाला माहीत नव्हतं. तुझ्या डब्यांनी सांगितलं."

आयफिननं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पुढच्या आठवड्यात बर्गनला मोठी बैठक होती. हे पिवळं घर पुढची तीन वर्षं चालू ठेवायचं की बंद करायचं, ते तिथेच ठरणार होतं, आणि बंद करण्याकडेच सगळ्यांचा कल होता. आता तसं होणार नव्हतं. आयफिन म्हणाला, "बाइन्ता, तुझ्या यालग्रिमला सांग, मेंढ्या विकू नकोस."

बाइन्ता हसली. कागदाकडे बघत बघत तिनं सहज विचारलं, "हा पट्टा सुरू होतो तो नळीत कुठे गं? मीटरमधे?"

रान्वानं वहीत बघितलं. "दोनवर."

"आणि संपतो?"

"चारवर. का?"

"काही नाही," बाइन्ता म्हणाली.

पण दोन मीटरवर आणि चार मीटरवर काय आहे ते तिला माहीत होतं. तिथे करवत चालली होती. जहाजाच्या डेकवर नळी तिनंच धरली होती कापताना. आठ हजार वर्षांपूर्वीच्या पाण्याला कसं कळलं, आपण करवत कुठे चालवणार आहोत ते? रान्वाच्या कागदावर वर्षं होती, मीटर नव्हते, म्हणून तिला दिसलं नाही. आणि दिसावं असं तिला कशाला वाटेल? आनंदात माणूस सांधे तपासत नाही.

तिसरा तुकडा आणि चौथा. बाइन्ताला तो आठवडा आठवला. फेब्रुवारी. रान्वा कोपनहेगनला गेलेली. टेबलाच्या बाइन्ताच्या बाजूची शेगडी बिघडली होती, बोटं वळेनात, म्हणून ती खुर्ची घेऊन पलीकडच्या अंगाला बसली. आणि काम कसं झालं होतं तेव्हा. हात आपोआप चालत होता. एकही डबी वाकडी नाही. रान्वानं परत आल्यावर डब्या बघून म्हटलंसुद्धा होतं, "इतक्या सुबक कधीच नव्हत्या." सुबक का नसतील? ती उलट्यांच्या आळीत परत गेली होती. निळं टोपण उजवीकडे आलं होतं, माशाच्या डोक्यासारखं, आणि तिच्या हाताला ते इतकं बरोबर वाटलं की डोक्यापर्यंत बातमी पोचलीच नाही. आणि बाण? बाण डावीकडे, पांढऱ्या टोपणाकडे. एवढं लक्षात ठेव, बाकी विसर.

शुक्रवारी ती सगळ्यांच्या आधी आली आणि थंड खोलीत गेली. अजून आशा होती. तिला वाटत होतं, खुर्ची पलीकडे नेली तरी तुकडा आपण फिरवून घेतला असेल. तपासायचा एक उपाय तिला ठाऊक होता. तिसऱ्या तुकड्यात एका जागी काळ्या राखेची रेघ होती. आइसलंडचा कुठला तरी डोंगर फुटला तेव्हाची. राख तळावर पडते तेव्हा खालची कड सुरीनं कापल्यासारखी राहते, आणि वरची कड किडे उकरून उकरून पिसासारखी विस्कटतात. हे रान्वानंच शिकवलेलं. म्हणजे विस्कटलेली बाजू वर. बाणानं तिकडेच बोट दाखवायला हवं; डबी उलटी असली तर यंत्राला पश्चिमेचं पूर्व दिसतं.

तिनं त्या राखेची एकतिसावी डबी काढली आणि खिडकीपाशी नेली. बाण कापलेल्या कडेकडे होता.

तिनं डबी फिरवून बघितली. दिवा लावून बघितली. भिंग घेऊन बघितली. चष्मा काढून बघितली. जिन्यावर रान्वाची पावलं वाजली तेव्हा तिनं ती डबी एप्रनच्या खिशात टाकली आणि दिवसभर काढली नाही. रान्वा गुणगुणत होती. जेवणाच्या वेळी तिनं आपला नवा निळा झगा दाखवला, बर्गनला घालायचा. "बरा दिसतो का गं?"

"बरा दिसतो," बाइन्ता म्हणाली. तिनं पाव रुमालात बांधून घरी नेला आणि कोंबड्यांना घातला.

शनिवारी मेंढ्या खाली आणून लोकर काढायचा दिवस. गावात उरलेली नऊ माणसं आणि पाच कुत्री डोंगरावर गेली. दरवर्षीसारखीच ओरडाआरड झाली, दरवर्षीसारखीच यालग्रिमची एकशिंगी मेंढी भिंतीवरून पळाली. बाइन्ता कुंपणापाशी लोकर पोत्यात भरत होती. तिनं एकच पोतं तीनदा भरलं आणि तीनदा ओतलं.

"काय झालंय?" यालग्रिमनं विचारलं. तो मेंढीवर गुडघा टेकून बसला होता.

तिनं सांगितलं. डबी खिशातून काढून दाखवलीसुद्धा. त्यानं ती बघितली आणि मेंढी कातरणं पुढे सुरू केलं.

"कोणाला कळेल?"

"मला."

"तुझ्याशिवाय."

"आत्ता कोणाला नाही. ती सोमवारी संध्याकाळच्या बोटीनं जाईल आणि शंभर माणसांपुढे उभी राहील. मग पुढे कधीतरी कोणी दुसरी नळी काढेल, शेजारीच. तिच्यात पाणी सरळच निघेल. मग हसतील तिला."

"कधीतरी," यालग्रिम म्हणाला. "म्हणजे दहा वर्षांनी. दहा वर्षांनी आपण काय, ही मेंढीही नसेल."

"यालग्रिम."

"चिखल आहे तो, बाइन्ता. हजार मीटर खाली आहे. पाणी इकडे गेलं काय, तिकडे गेलं काय, एक मासा तरी मेला का त्यानं?" त्यानं कातरणी थांबवली. त्याच्या आयुष्यात त्यानं बायकोकडे कधी काही मागितलं नव्हतं. पाठ मोडली तेव्हा पाणीसुद्धा स्वतः उठून घेतलं होतं. "मी एस्ब्यर्गला जाऊन काय करू, सांग. सोलरुन सकाळी कामाला जाईल, तू जाशील. मी खिडकीत बसेन. खाली मोटारी. मी तिथे वर्षभर टिकणार नाही, तुलाही माहीत आहे. बोलू नकोस. एवढं ऐक माझं."

मेंढी उठून पळाली, अर्धी कातरलेली, आणि दोघांपैकी कोणीही तिला अडवलं नाही.

रविवारी प्रार्थनेनंतर ती धक्क्यावर गेली. बंद कारखान्याच्या मागचा धक्का, तिथे आता कोणी फिरकत नसे. ऊन लख्ख होतं. तिनं डबी हातात घेतली आणि हात मागे नेला. ही गेली की पुरावा गेला. मग मीसुद्धा म्हणू शकेन की नक्की आठवत नाही. म्हातारपण आहे, राखेची रेघ आहे, चष्मा जुना आहे. तिचा हात तसाच वर राहिला, खांदा दुखायला लागला. आणि तिच्या मनात आलं, ही फेकून काय होणार? मागे एकोणऐंशी आहेत. खिशातून नेता नेता जन्म जाईल. तिला रडता रडता हसू आलं, आणि मग नुसतंच रडू आलं, असं की धक्क्याच्या लोखंडी खुंटाला धरून बसावं लागलं.

तिनं मनाशी दोन्ही बाजूंनी सगळं मांडून बघितलं. गप्प बसले तर घर राहतं, यालग्रिम राहतो, मेंढ्या राहतात. बोलले तर पिवळं घर बंद, माझं काम बंद, आणि आम्ही दोघं तिसऱ्या मजल्यावर. आणि गप्प बसले तर उद्या सकाळी त्याच टेबलापाशी बसायचं, त्याच पोरीशेजारी, जिनं अकरा जणांनी नुसती कॉफी पाजलेल्या बाईला सुरी दिली. तीन वर्षं बसायचं. रोज तिनं विचारायचं, "बाइन्ता, नीट आहे ना?" आणि आपण म्हणायचं, "नीट आहे." संध्याकाळी ती घरी आली तेव्हा यालग्रिमनं बटाटे उकडून ठेवले होते. त्यानं तोंडाकडे बघितलं आणि सगळ्यांत मोठा बटाटा तिच्या ताटलीत ठेवला. ते जास्त कठीण गेलं.

सोमवारी ती पोचली तेव्हा आयफिननं केक आणला होता. रान्वाची बॅग दाराशी. केस कापून आली होती, त्यामुळे मान एकदम पोरीसारखी दिसत होती.

बाइन्तानं कोट काढला नाही. डबी केकशेजारी ठेवली. "ही तिसऱ्या तुकड्यातली एकतिसावी. बाण बघ आणि राख बघ."

रान्वानं बघितली. "मग?"

"नीट बघ."

रान्वानं भिंग घेतलं. आयफिन केक कापत होता, तो थांबला.

"एक डबी उलटी लागली असेल," रान्वा म्हणाली. "होतं एखाद्या वेळी."

"मी पलीकडे बसले होते. फेब्रुवारीत, शेगडी बिघडली होती तेव्हा. तिसरा आणि चौथा, दोन्ही तुकडे पलीकडून केले. ऐंशी डब्या." तिनं वहीकडे बोट केलं. "तुझं पाणी करवतीपाशी वळतं, रान्वा. बरोबर दोनवर वळतं आणि बरोबर चारवर परत येतं. पाणी असं करत नाही."

रान्वानं वही ओढली. दोन, चार. तिनं आकड्यांवर बोट ठेवलं आणि ते उचललंच नाही. "तू थकली आहेस," ती म्हणाली. मग म्हणाली, "तुला नक्की आठवत नसेल." मग, अगदी हळू, "बाइन्ता, तू कधीच चुकत नाहीस."

"आता चुकले."

आयफिन म्हणाला, "बोट किती वाजता आहे?"

"पाचला," रान्वा म्हणाली. ती उठली. "जपून ठेवलेला अर्धा उघडायचा."

"तो आपला नाही," आयफिन म्हणाला. "तो पुढे येणाऱ्यांचा आहे. त्याला सुरी लावायची नाही, हा नियम तुझ्या-माझ्या आधीचा आहे."

"मग मी बर्गनला जाऊन काय सांगू? आमच्या बाईला वाटतं की बहुतेक?"

म्हाताऱ्यानं केकची सुरी खाली ठेवली, कोट घातला आणि स्वतःच थंड खोलीची किल्ली काढली.

प्रत्येक तुकड्यातून चार डब्या काढायच्या असं ठरलं. रान्वानं सुरी बाइन्तापुढे धरली. "तूच काढ."

"माझे हात बघ."

"बघितले. तरी तूच काढ. इतर कोणाच्या हातानं फाटेल."

निळं टोपण डावीकडे, बाण निळ्याकडे. प्रत्येक डबी दाबण्याआधी रान्वा मोठ्यानं म्हणे, "निळं?" आणि बाइन्ता बोट ठेवून म्हणे, "निळं." आठ डब्यांना अडीच तास लागले. जिन्याखालचं यंत्र एकेका डबीला पंधरा-पंधरा मिनिटं खाई. तिघं अंधाऱ्या खोलीत उभी होती. पहिली आली, पश्चिम. दुसरी, पश्चिम. बाइन्ताला अजूनही, त्या क्षणीसुद्धा, वाटत होतं की पुढची पूर्व येईल. तिनं देवाला म्हटलं, मला वेडी ठरव, पण पूर्व दाखव. तिसरी पश्चिम. चौथी पश्चिम. पाचवीनंतर आयफिन वर निघून गेला. साडेतीन वाजता आठवी आली.

पाणी कधीच वळलं नव्हतं. दहा हजार वर्षं ते आमच्या बेटांना वळसा घालून एकाच वाटेनं चाललं होतं.

धक्क्यापर्यंत बाइन्ता बॅग धरायला गेली. रान्वा पुढे चालत राहिली. शिडीपाशी वळली.

"तुला गप्प बसता आलं नाही?"

"आलं असतं. तीन दिवस बसलेच होते."

"चौथा दिवस बसली असतीस तर हे न कळता मी बोटीत असते."

"हो."

"मला राग आलाय. जाणार नाही तो आठवडाभर." रान्वानं बॅग घेतली. "मी येईपर्यंत नव्या नळीचा पाचवा तुकडा चिरून ठेव." आणि वर चढून गेली.

बर्गनला ती नवा झगा घालून उभी राहिली आणि म्हणाली की तळाचं पाणी वळलं नव्हतं. तिनं बाण उलटे लागल्याचंही सांगितलं, कोणी लावले ते सांगितलं नाही. जे आहे तसंच होतं, हे ऐकायला माणसं लांबून येत नाहीत. टाळ्या वाजल्या म्हणे, सभ्यपणानं. ऑगस्टमधे पत्र आलं. घर नोव्हेंबरअखेर बंद. यंत्र बर्गनला जाईल, चिखल कोपनहेगनच्या गोदामात. रान्वाला बर्गनलाच जागा मिळाली, छोटी. ती गेली तेव्हा बाइन्ताला मिठी मारली का, असं गावात सगळ्यांनी विचारलं. मारली. पण दोघी रडल्या नाहीत.

यालग्रिमनं तो विषय एकदाच काढला. एकशिंगी मेंढी भावाच्या हवाली करून आला त्या दिवशी, दारात बूट काढता काढता म्हणाला, "नसतीस बोलली, तर तीन वर्षं मिळाली असती."

"हो," बाइन्ता म्हणाली.

"तीन वर्षं म्हणजे पुष्कळ असतात या वयात."

"माहीत आहे मला."

तो आत गेला आणि भिंतीकडे तोंड करून निजला. दिवसाउजेडी निजणारा माणूस नव्हता तो.

शेवटच्या आठवड्यात बाइन्ता पिवळ्या घरात एकटीच होती. तिनं सगळ्या डब्या खोक्यांत भरल्या, तुकडे ओल्या कापडात गुंडाळले. तिसऱ्या आणि चौथ्या तुकड्याच्या खोक्यांपाशी आली तेव्हा तिनं दोन चिठ्ठ्या कापल्या आणि पुसली न जाणारी शाई घेतली. आयफिन दारात उभा राहून बघत होता.

तिनं लिहिलं: या ऐंशी डब्यांचे बाण उलटे आहेत. चूक माझी. बाइन्ता, नोरावीक.

"'बाण उलटे' एवढं पुरे," आयफिन म्हणाला. "नाव कशाला? पन्नास वर्षांनी कोणी खोकं उघडेल, त्याला तुझं एवढंच दिसेल. बाकीच्या दोन हजार डब्या तू सरळ लावल्यास, त्यांच्यावर तर नाव नाही."

"सरळ डबीपाशी कोणी विचारत नाही कोणी लावली. उलटीपाशी विचारतात. विचारायचं कोणाला ते नको कळायला?"

"तू तर नोरावीकला नसशील."

बाइन्तानं क्षणभर चिठ्ठीकडे बघितलं. "खरं आहे," ती म्हणाली. पिशवीतून तिनं सोलरुनचं पत्र काढलं, उलगडलं, आणि एकेक अक्षर तपासत, जे दार तिनं अजून बघितलं नव्हतं त्याचा पत्ता दोन्ही चिठ्ठ्यांवर खाली लिहिला. एस्ब्यर्ग. रस्ता, घराचा नंबर. तिसरा मजला.